दुसऱ्याचं निळं, आपलं पिवळं

राग माझ्या नाकावर असतो. घरचे हे तोंडावर सांगतात, ऑफिसातले माझ्या पाठीमागे. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. टेबलावर आलेल्या कागदात चूक दिसली की ते लाल पेनानं तिच्याभोवती गोल करायचे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर तोच पेन आमच्या वह्यांवर चालायचा. आम्ही दोघी बहिणी त्या गोलांमध्येच वाढलो. चूक सापडली की ती दाखवायची, लगेच दाखवायची, समोर कोण बसलंय ते बघायचं नाही. यात काही वावगं असेल असं मला कित्येक वर्षं वाटलंच नाही.

नागपुरात प्रताप नगरमध्ये औषधांच्या एका दुकानावर आमचं ऑफिस आहे. इमारतींचा सांगाडा, म्हणजे कॉलम, बीम, स्लॅब, यांचं डिझाइन सर करतात आणि त्याची ड्रॉइंग आम्ही चौघं काढतो. चौघांत सगळ्यात जुने काका. काकांची साठी उलटून गेली होती. सर दरवर्षी 'अजून एक वर्ष बसा' म्हणायचे आणि काका बसायचे. उमरेडच्या विणकरांच्या घरातला हा माणूस, राहायला सक्करदऱ्याला, रोज सायकलनं यायचा. सिग्नलवर सगळे थांबले की थांबायचा, सगळे निघाले की निघायचा. हे मी पाहिलं होतं, पण त्यात पाहण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला काम काकांनीच शिकवलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "एक गोष्ट ध्यानात ठेव वं. दुसऱ्याचं निळं, आपलं पिवळं. बाकी सारं हळूहळू येते."

याचा अर्थ सांगायला हवा. इमारतीचा नकाशा आर्किटेक्टच्या ऑफिसातून ईमेलनं येतो. तो आम्ही आमच्या ड्रॉइंगखाली जोडून घेतो, पूर्वी ट्रेसिंग पेपरखाली मूळ कागद ठेवायचे तसा, आणि त्याच्यावर आमचे कॉलम-बीम काढतो. खाली जोडलेल्या त्या परक्या फाईलला आम्ही एक्सरेफ म्हणतो. ती दिसते आपल्या पडद्यावर, पण असते दुसऱ्याची. तिच्यातली एक रेघसुद्धा आपल्याला पुसता येत नाही. आपल्याला एवढंच करता येतं की तिच्या रेघा आपल्याला कुठल्या रंगात दिसाव्या ते ठरवायचं. आपण त्या निळ्या केल्या तर त्या आपल्याच फाईलमध्ये निळ्या राहतात, आर्किटेक्टकडे त्या जशा होत्या तशाच. त्याला पत्ताही लागत नाही. रंग वेगळा का करायचा, तर खालचं कुठलं आणि वरचं कुठलं यात गफलत होऊ नये म्हणून. काकांच्या सगळ्या फाईलींत आर्किटेक्टचा नकाशा निळा असायचा आणि आमचं काम पिवळं.

आता तो निळा म्हणजे काळ्या पडद्यावरचा गडद निळा. दिवसभर बघून माझे डोळे चुरचुरायचे. शिवाय मला वाटायचं, ही काकांची जुनी खोड आहे. काकांच्या खोड्या पुष्कळ होत्या. टेबलाच्या खालच्या खणात ते शाईची जुनी पेनं ठेवायचे, ज्यांना हात लावून पंधरा-वीस वर्षं झाली असतील. एका जुन्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली. लुगड्याचा तुकडा होता तो, मळकट पांढरा, एका बाजूला लाल काठ आणि तो काठ शेवटी जेमतेम वीतभर हिरवा झालेला. पट्टी शोधताना मी तो खण अनेकदा उघडलाय. त्या कापडाकडे बघून मला एकच वाटायचं की काका, ही पेनं टाका ना आता.

मागच्या उन्हाळ्यात सरांनी मला सांगितलं की सगळ्या ड्रॉइंगची पद्धत एकसारखी करून घे. मला तेवढंच हवं होतं. मी बसून रंगांची नवीन यादी केली. आमचे कॉलम विटकरी, आर्किटेक्टचा नकाशा मेंदीच्या रंगाचा. भडक लाल आणि भडक हिरवा मला आवडत नाही, म्हणून दोन्ही जरा दबलेले, डोळ्यांना थंड वाटणारे. चालू कामांच्या सगळ्या फाईलींत मी ते रंग भरले, यादीचा कागद छापून कूलरच्या वरच्या भिंतीवर चिकटवला आणि खाली लिहिलं, 'कोणीही बदल करू नये.' खरं सांगते, तो कागद लावताना मला फार बरं वाटलं होतं.

काका त्या कागदासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "काहून वं? चालून तं राहिलं होतं."

"काका, निळ्यानं डोळे फुटतात."

"मंग दुसरा निळा घे. निळे का कमी हायेत?"

"आता सगळीकडे लावून झालं, काका. सवय होईल."

 पुढचे दोन महिने काका हळू काम करायला लागले. जे ड्रॉइंग त्यांच्या हातून दुपारच्या चहापर्यंत व्हायचं ते दुसऱ्या दिवसावर जायला लागलं. मी एकदा सरांना म्हणालेही की काका आता थकले. सर 'हं' म्हणाले. चुगली करावी असं माझ्या मनात नव्हतं, पण दुसरा काही शब्द मला त्यासाठी सापडत नाही.

मग कन्हानचं काम आलं. नदीच्या अलीकडे एक मंगल कार्यालय व्हायचं होतं. आर्किटेक्टनं आपल्या नकाशात कॉलम कुठे असावेत याचे चौकोन अंदाजानं काढून दिले होते. असं ते देतातच. सरांनी हिशेब करून बहुतेक तिथेच ठेवले, फक्त दर्शनी दाराजवळचे दोन दीड-दीड फूट बाजूला सरकवले, कारण ते दारात येत होते. म्हणजे पडद्यावर त्या जागी चार चौकोन दिसत होते. दोन मेंदीचे, आर्किटेक्टचे, सोडून द्यायचे. दोन विटकरी, आमचे, खरे. काकांना साइटवर पाठवायचं ड्रॉइंग करायचं होतं, कुठला कॉलम कुठून किती अंतरावर याच्या मापांचं. त्यावरूनच तिथले लोक चुना टाकून खड्डे खणतात.

ते ड्रॉइंग त्या दिवशी जायलाच हवं होतं. ठेकेदाराचे दोन फोन येऊन गेले होते आणि ते मी घेतले होते, त्यामुळे माझं डोकं तापलेलं. मी काकांच्या खुर्चीमागे उभी राहिले. "झालं का काका? चला ना. तिकडे माणसं बसून आहेत." हे मी किमान तीनदा म्हणाले. काकांनी मापं टाकली, मी ते ड्रॉइंग त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं म्हणा, आणि पाठवून दिलं. तपासायचं काम माझं होतं. मी तपासलं नाही, कारण काकांचं ड्रॉइंग कोणीच तपासत नसे.

चार दिवसांनी कन्हानहून मिस्त्रीचा फोन आला. "मॅडम, दोन कॉलम दरवाज्यात येऊन राहिले. नवरदेव काय खिडकीतून येईन का?"

खड्डे खणून झाले होते, लोखंडाच्या जाळ्या उभ्या होत्या. काँक्रीट दुसऱ्या दिवशी पडणार होतं. ते पडलं नव्हतं, त्यामुळे तसं बघितलं तर काही बिघडलं नव्हतं. दोन खड्डे बुजवायचे आणि दोन नवे खणायचे. पण सरांना ते आर्किटेक्टकडून कळलं, आणि आर्किटेक्टनं ते सरांना हसत हसत सांगितलं होतं. सर रागावले की त्यांचा आवाज चढत नाही. उलट ते जास्त आदरानं बोलतात. त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं, ड्रॉइंग टेबलावर पसरलं आणि विचारलं, "काका, हे कसं झालं, सांगाल का?"

काका ड्रॉइंगकडे बघत राहिले. त्यांच्याऐवजी मी बोलले. ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

"आर्किटेक्टच्या चौकोनांवरून मापं घेतलीत तुम्ही, काका. लाल कोणतं अन् हिरवं कोणतं, एवढंही दिसत नाही का तुम्हाला?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कोणीतरी अचानक दार उघडावं आणि आत आपण बसलेलो असावं, तसं पाहिलं. मग म्हणाले, "चुकलं सर."

सर म्हणाले, "तुम्ही खूप केलंत काका. आता आराम करा. हा महिना पूर्ण करू, मग बघू."

'मग बघू'चा अर्थ ऑफिसात सगळ्यांना कळला.  मला वाईट वाटलं, पण मी बरोबर होते असंही वाटत होतं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जास्त वाटत होतं.

कन्हानचं ड्रॉइंग दुरुस्त करायचं होतं. सरांनी मला काकांजवळ बसून ते करून घ्यायला सांगितलं. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, बाकीचे दोघं साइटवर गेले होते. ऑफिसात आम्ही दोघंच, आणि कूलरचा आवाज. मी म्हणत होते, काका, हा घ्या, आता तो घ्या. आणि तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं.

काका रेघेवर बाण न्यायचे, क्लिक करायचे, मग त्यांची नजर पडद्याच्या डाव्या कडेला जायची. तिथे एक उभी चौकट असते. ज्या रेघेला हात लावला तिची माहिती त्यात येते, ती कुठल्या फाईलमधली, कुठल्या थरातली, म्हणजे रेघांच्या कुठल्या गटातली. काका ते वाचायचे. मग रेघ सोडायचे आणि पुढच्या रेघेवर जायचे. पुन्हा क्लिक, पुन्हा डावीकडे नजर. दर रेघेला. मी म्हणाले "तो विटकरी चौकोन", तरी आधी क्लिक, आधी वाचणं.

मला वाटलं घाबरलेत, म्हणून खात्री करून घेतायत. जागा मोठी दिसावी म्हणून मी ती चौकट बंद करून टाकली. काकांचा हात थांबला. समोर दोन चौकोन होते, एक आमचा आणि एक आर्किटेक्टचा, शेजारी शेजारी. बाण दोघांच्या मधोमध उभा. मी वाट बघत होते. काका वाट बघत होते. कशाची, ते मला कळेना.

"काका, उजवीकडचा."

"ते डबं उघड वं पोरी," काका हळूच म्हणाले. "मले त्याच्याबिगर समजत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग भिंतीवरच्या माझ्या कागदाकडे. 

"दोन्ही सारखे दिसतात?"

"मातीच्या रंगाचे दिसतात. दोन्हीबी."

खाली चहाच्या टपरीवर जाऊन बसलो तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. घाई न करता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. पंधरा-सोळा वर्षांचे असताना ते वडिलांसोबत मागावर बसायचे. लुगडं विणायला आडवं सूत नेणारे तीन धोटे लागायचे, मधला पोताचा आणि दोन कडांचे दोन काठांचे. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं की नवी कांडी भरायची. शेजारी टोपलीत कांड्या असायच्या. काकांनी काठाची कांडी संपली म्हणून टोपलीत हात घातला, दुसरी काढली, धोट्यात घातली आणि विणत राहिले. वडील बाहेरून आले आणि मागाशी उभे राहिले.

"काही म्हणाले नाही," काका सांगत होते. "दोन कांड्या माह्या हातात देल्या अन् इचारलं, लाल कोणती. मी एक दाखवली. मंग पुन्हा दोन देल्या. मी पुन्हा दाखवली. असं चार-पाच बार झालं. मंग म्हणाले, ऊठ."

"एवढंच?"

"ऊठ, एवढंच. मी उठलो. लहान भाऊ बसला. मंग त्यायनं चौकशी केली कुठंतरी, अन् मले नागपूरले पाठवलं नकाशाचं काम शिकाले. म्हणे, तिथं काळी शाई अन् पांढरा कागद. तिथून तुले कोणी उठवणार नाही." काकांनी बशीत चहा ओतला. "अन् उठवलं नाही बरं. वीस-बावीस वर्षं मजेत गेली. मंग हे कंप्युटर आले, रंगीत. मी म्हटलं, घ्या, आलं हे इथंबी."

निळा आणि पिवळा त्यांना नीट वेगळे दिसायचे. म्हणून त्यांनी तो नियम काढला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो शिकवला होता. सगळ्यांनी तसं केलं की त्यांना काही सांगायची गरज पडणार नव्हती. पंचवीसेक वर्षं तो नियम चालला. मग मी यादी केली.

"मला सांगायचं ना, काका."

"काय सांगतो वं? विणकराच्या घरचा हाय अन् रंग समजत नाही, असं?" ते हसले, पण हसू लगेच गेलं. "मी घरी बसाले भेत नाही. आज ना उद्या बसाचंच हाय. पण बापानं उठवलं त्याच कामासाठी पुन्हा उठवून राहिले मले. एका माणसाले एकाच गोष्टीसाठी दोनदा कायले उठवाव? सरले सांगू नको. लापरवाईनं चुकला म्हणू दे. थकला म्हणू दे. हे नको."

मी हो म्हणाले. वर येताना जिन्यात मला एवढी लाज वाटत होती की मी त्यांच्या पुढे चालले, मागे नाही.

आता माझ्यापुढे पेच होता. खरं सांगितलं असतं तर सरांनी कदाचित काकांना ठेवलं असतं. सर कठोर आहेत, वाईट नाहीत. पण मी शब्द दिला होता. आणि न सांगता काकांची खुर्ची वाचवायची तर एकच रस्ता होता, चूक माझ्या नावावर घ्यायची. तुम्ही म्हणाल, त्यात काय, होतीच की तुझी. होतीच. पण ज्यांच्या घरात लाल गोल दुसऱ्याच्या चुकीभोवतीच काढायचा असतो त्यांना स्वतःभोवती गोल काढणं किती जड जातं ते त्यांनाच ठाऊक. मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी तर्री पोहे खायलाही न थांबता सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, कन्हानची चूक माझी आहे."

सरांनी चष्मा काढला.

"रंग मी बदलले. जुनी पद्धत चांगली चालू होती, मी ऐकलं नाही. काकांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्या दिवशी घाई मी केली, आणि तपासायचं माझं काम होतं, ते केलं नाही. सगळ्यांसमोर बोलले तेही चुकलं."

"रंग बदलले म्हणून काय झालं? लाल आणि हिरवं तर कोणालाही कळतं."

हीच ती जागा होती. आदल्या रात्रीपासून मी तिच्यासाठी उत्तर शोधत होते.

"लाल-हिरवं नव्हतं, सर. विटकरी आणि मेंदी. संध्याकाळी डोळे थकले की मलासुद्धा दोन्ही एकसारखे दिसतात."

धडधडीत खोटं. माझे डोळे घारीसारखे आहेत आणि सरांना ते माहीत आहे. त्यांनी चष्मा पुन्हा लावला, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मग पूर्वीसारखं करून टाका. आणि यापुढे काकांचं ड्रॉइंगसुद्धा दुसऱ्यानं तपासायचं. तुमचंही." काकांच्या खुर्चीबद्दल ते काहीच बोलले नाहीत आणि मला विचारायची हिंमत झाली नाही.

पूर्वीसारखं करायचं म्हणजे अकरा चालू फाईली होत्या. प्रत्येकीत थरांची यादी उघडायची, ज्यांच्या नावाआधी आर्किटेक्टच्या फाईलचं नाव लागलेलं असतं ते सगळे थर निवडायचे आणि निळे करायचे. काम अवघड नाही. पण कन्हानच्या फाईलमध्ये काही रेघा निळ्या केल्या तरी ऐकेनात, हिरव्याच राहिल्या. त्यांना आर्किटेक्टकडेच एकेकीला वेगळा रंग देऊन ठेवला होता, आणि अशी रेघ आपला रंग घरूनच घेऊन येते, आपलं तिच्यावर काही चालत नाही. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, तुमच्याकडे हिरवं दिसलं तर काय बिघडतं. मी म्हणाले, बिघडतं. ती म्हणाली, बघते. मी दर तासाला फोन केला. चौथ्या फोनला तिनं वैतागून फाईल दुरुस्त करून पाठवली. माझ्या नाकावरच्या रागाचा आयुष्यात झालेला हा एक उपयोग.

आणि जुना गडद निळा मी घेतला नाही. शनिवारी दुपारी, बाकीचे गेल्यावर, काकांना माझ्या टेबलाशी बसवलं आणि पडद्यावर निळ्यांची रांगच लावली. एकेक रंग नकाशाला लावायचा आणि विचारायचं, "हा?"

"हा पिवळ्याजवळ चांगला दिसते."

"आणि हा?"

"हा तुह्या डोळ्याले चालन का?"

शेवटी आकाशी ठरला. त्यांना स्पष्ट दिसणारा आणि मला न चुरचुरणारा. तेवढ्या साध्या कामाला आम्ही तासभर घेतला, कारण काका प्रत्येक रंगाबद्दल काहीतरी सांगत होते. पळसाचं झाड त्यांना फुलांसकट कसं दिसतं. टमाटे घ्यायला गेले की दाबून कसे बघतात. बायको पातळाला हळदीचा डाग लागला तर दाखवते, पण मेंदी काढली तर कशी विचारत नाही. लग्नाच्या चौथ्या दिवशी तिला कळलं होतं आणि तिनं आजवर कोणाला सांगितलं नाही. म्हणजे उमरेडचं घर सोडलं तर तिच्यानंतर मी दुसरी.

मी भिंतीवरचा कागद काढला आणि नवा लावला. 'दुसऱ्याचं निळं, आपलं पिवळं.' खाली 'कोणीही बदल करू नये' हे मात्र तसंच ठेवलं.

महिन्याची शेवटची तारीख आली. काकांनी आदल्या दिवशीच खण रिकामा करायला घेतला होता. पट्ट्या, शार्पनर, जुन्या डायऱ्या एका पिशवीत गेल्या. मी माझ्या पडद्याकडे बघत होते आणि मला एक रेघ धड दिसत नव्हती. पाचच्या सुमारास सर केबिनमधून बाहेर आले, हातात नव्या कामाचे कागद. ते सरळ काकांच्या टेबलापाशी गेले, कागद तिथे ठेवले आणि म्हणाले, "काका, हे सक्करदऱ्याचंच आहे, तुमच्या घराजवळचं. जाता-येता साइटवर नजर टाकत जा. दोन-अडीच महिने लागतील." आणि परत गेले. पिशवीकडे त्यांनी पाहिलं होतं. मी त्यांना पाहताना पाहिलं.

 मग त्यांनी पिशवीतलं एकेक पुन्हा खणात ठेवायला सुरुवात केली. सगळ्यात शेवटी ती पेनांची गुंडाळी आली. ती मात्र त्यांनी ठेवली नाही. पेनं सोडवून बाजूला केली आणि कापडाचा तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी आले. कीबोर्ड सरकवून तो पसरला, हातानं सुरकुत्या काढल्या.

"हे तेच हाय," ते म्हणाले. "बापानं कापून काढलं होतं. मायनं ठेवलं, मंग मी आणलं. पंचेचाळीस वर्षं झाली. म्हणतात चुकलं, तं चुकलंच असन. पण मले कधी दिसलं नाही वं. कोणाले इचारावं तं सांगा लागते. तू सांग. कुठून चुकलं?"

मला लांबूनसुद्धा दिसत होतं. लाल काठ सरळ येत होता आणि एका जागी, एका धाग्यावर, तो हिरवा व्हायचा. तिथून कापडाच्या कडेपर्यंत हिरवा. सवयीनं माझा हात लाल पेनाकडे गेला. तो मी परत ठेवला, निळा घेतला आणि त्या धाग्यावर एक ठिपका दिला.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून ठिपका पाहिला. तो त्यांना दिसला. ठिपक्यावर त्यांनी अंगठा ठेवला आणि कापडाच्या कडेवर करंगळी. वीतसुद्धा पुरी भरली नाही.

"एवढंच?" काकांनी विचारलं.

"एवढंच, काका."

त्यांनी हात उचलला नाही. तसाच ठेवून ते खूप वेळ मोजल्यासारखं बघत राहिले.

"बाकीचं बराबर हाय?"

मी काठाच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली आणि बोट फिरवत, एक एक धागा बघत, त्यांच्या अंगठ्यापर्यंत आले.

"बाकीचं सगळं बरोबर आहे," मी म्हणाले.